सरकी

मृग लागायच्या आठ-दहा दिवस आधी माय अंगणात सरकी घोळायला बसायची. ओलं शेण, वावरातली काळी माती, चुलीतली मूठभर राख आणि पाण्याचा हबका. त्या काल्यात पसापसानं सरकी टाकायची आणि दोन्ही तळव्यांखाली फिरवत राहायची. सरकीच्या अंगाला बारीक लव असते. जिनात रुई ओढून घेतली तरी ती लव दाण्याला सोडत नाही. तशीच सरकी चाड्यात टाकली तर दाणे एकमेकांना बिलगून बसतात. पडले तर एका जागी चार पडतात आणि पुढचं दहा हात तास रिकामं जातं. शेणामातीत घोळली की लव अंगालगत बसते, दाणा दाण्यापासून मोकळा होतो, ज्वारीसारखा बोटांतून सुटतो. मी लहान होतो. पांढरी सरकी काळीकुट्ट होताना बघून मला वाईट वाटायचं. एकदा म्हटलं, "माय, कायले घान करतं तिले?" मायनं हात न थांबवता सांगितलं, "घान नाई रे बाप्पू. थे तिचं लुगडं होय. उघडीच धाडू का वावरात?"

पुढं चौतीस वर्षं मी अकोल्यात इंग्रजी साहित्य शिकवलं. मायच्या त्या वाक्यापाशी पोचायला मला त्यातली निम्मी वर्षं लागली.

बाबा जिनात होते. जिन चालायचं दिवाळी ते होळी; उरलेल्या दिवसांत दोघंही दुसऱ्याच्या वावरात. हिवाळाभर आमच्या वस्तीवर कापूस उडायचा. विजेच्या तारांवर, बाभळीच्या काट्यांवर, वाळत घातलेल्या धोतरावर, परातीतल्या पिठावर. बाबा रात्री घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवया म्हाताऱ्या माणसासारख्या पांढऱ्या असायच्या. माय आधी फडक्यानं त्यांचं डोकं झाडायची, मग ताट वाढायची. रेच्यातून रुई एका अंगाला पडते, सरकी खाली. रुई प्रेसमध्ये जाते, तिची गाठ बांधली जाते, गाठीवर पट्ट्या आवळतात, शिक्का बसतो आणि ती गाव सोडते. सरकी मागं राहते. थोडी तेलाच्या घाणीवर, थोडी ढोरांच्या गव्हाणीत आणि थोडी पुढच्या मृगासाठी मडक्यात. बाबा म्हणायचे, "रुई गावाची नसते, सरकी गावाची."

कॉलेजात जे इंग्रजी साहित्य माझ्या वाट्याला आलं ते गाठी बांधून आलं. अमरावतीचं विद्यापीठ १९८३ साली झालं. आम्ही त्याआधीचे, नागपूर विद्यापीठाचे. नोट्सच्या वहीत एकेका चळवळीची एकेक गाठ होती आणि तिच्यावर सालाचा शिक्का. १७९८ म्हटलं की ‘लिरिकल बॅलड्स’ आणि स्वच्छंदतावाद. १९२२ म्हटलं की ‘द वेस्ट लँड’, जॉयसचं ‘युलिसिस’ आणि आधुनिकतावाद. प्रत्येक चळवळीची पाच वैशिष्ट्यं, दोन प्रमुख लेखक आणि ‘थोडक्यात सांगायचे झाल्यास’नं सुरू होणारा शेवट. एवढं पाठ असलं की पन्नास टक्के कुठं जात नव्हते. रुई स्वच्छ होती, धुतलेली होती, तिला कुठल्याच मातीचा वास नव्हता.

मीही मग तीच रुई पुढं दिली. नोकरीच्या पहिल्या वर्षी, मार्चच्या शेवटी, पत्र्याच्या वर्गात मी वर्डस्वर्थची डॅफोडिल्स शिकवत होतो. पंखा होता, वीज नव्हती. मेमध्ये अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. मार्चअखेरीस तो त्याची तालीम करत असतो. मागच्या बाकावरून पातूरकडची एक मुलगी उठली. "सर, हे फूल दिसते कसं?" मी फळ्यावर चित्र काढायला गेलो आणि खडू हातात घेऊन थांबलो. मी तरी कुठं पाहिलं होतं? पिवळं असतं, तळ्याकाठी असतं, वाऱ्यावर डोलतं, हे सगळं मला कवितेनंच सांगितलं होतं. तिकडं अँटिग्वा बेटावरच्या जमैका किंकेडनं १९९० साली ‘ल्युसी’ नावाची कादंबरी लिहिली. त्यातल्या नायिकेला लहानपणी हीच कविता पाठ करावी लागलेली असते. मोठेपणी खरी डॅफोडिल्स समोर आल्यावर तिला ती विळ्यानं कापून काढावीशी वाटतात. मला तसा राग आला नाही. मला लाज वाटली. न पाहिलेल्या फुलाची पाच वैशिष्ट्यं मी त्या पोरांना लिहून दिली होती.

राग मला आला तो एका वेगळ्याच पुस्तकानं, आणि तो वर्गात आला नाही, घरी आला. एम.ए.च्या दिवसांत एका रद्दीवाल्याकडून मी एलिझाबेथ गॅस्केलची ‘नॉर्थ अँड साउथ’ तोलून घेतली होती, कापसासारखी, वजनावर. अभ्यासक्रमात डिकन्सची ‘हार्ड टाइम्स’ होती, ही नव्हती. दोन्ही डिकन्सच्याच साप्ताहिकातून १८५४ साली एकापाठोपाठ एक क्रमशः येऊ लागल्या होत्या. दोन्हींत गिरण्यांचं गाव आहे, धूर आहे, कामगारांची युनियन आहे. पण गॅस्केल मँचेस्टरला राहत होती. गिरणीत काम करणारी माणसं तिच्या ओळखीची होती.

तिच्या कादंबरीत बेसी हिगिन्स नावाची एकोणीस वर्षांची पोर आहे. ती लहानपणापासून पिंजणखात्यात कामाला. कापसाचे तंतू छातीत बसून ती मरणाच्या वाटेला लागलेली आहे. ती दक्षिणेतून आलेल्या मार्गारेटला सांगते, की काही गिरण्यांत खोलीच्या टोकाला एक मोठं चाक बसवतात, त्याच्या वाऱ्यानं धूळ बाहेर जाते. पण चाकाला पाच-सहाशे पौंड पडतात, त्यातून नफा काहीच नाही, म्हणून बसवणारे मालक थोडे. आणि काही कामगारांनाही ते चाक नको असतं. कारण तंतू गिळायची सवय झालेल्या माणसाला ते गिळणं थांबलं की भूक लागायला लागते, आणि त्या भुकेला मजुरी पुरत नाही.

कंदिलापाशी हे वाचलं तेव्हा बाजूच्या खाटेवर बाबा खोकत होते. तो खोकला नवीन नव्हता. होळीला जिन बंद झालं की कमी व्हायचा, दिवाळीनंतर परत यायचा. पुढं पुढं होळीनंतरही राहू लागला. मी पुस्तक घेऊन त्यांच्याजवळ बसलो आणि ते पान वऱ्हाडीत सांगायला लागलो. मार्गारेटबाईचं आणि गिरणीतल्या बेसीचं बोलणं माझ्या तोंडून आमच्या गल्लीतल्या दोन बायांसारखं यायला लागलं. भुकेची गोष्ट आली तसे बाबा उठून बसले.

"हे खरं हाय," ते म्हणाले. "धूळ खाल्ली का भूक मरते. म्हनून तं आमाले गूळ खाऊ घालतेत."

मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मंग थे चाक कोनी बसोलं का?"

मला उत्तर देता आलं नाही. बेसी पुढं मरते, तिचा बाप दारूत तोंड बुडवायला निघतो, संप फसतो, नायक-नायिकेचं जुळतं, हे मला ठाऊक होतं. चाकाचं काय झालं हे मी शोधलंच नव्हतं. परीक्षेत कोणी विचारत नाही. पण गॅस्केलनं ते चाक उगीच आणलेलं नव्हतं. तिला तोच प्रश्न वाचकाच्या घशात अडकवायचा होता, आणि सव्वाशे वर्षांनी तो अकोल्यातल्या एका निरक्षर माणसाच्या घशात बरोबर जाऊन अडकला. मी पेन्सिल घेतली आणि त्या पानाच्या समासात, बाबांनी विचारलं तसंच, देवनागरीत लिहून ठेवलं.

त्यानंतर मी पुस्तकांकडे उलट्या बाजूनं बघायला लागलो. कापूस इथून गेला आणि साहित्य तिथून आलं, मग त्या साहित्यात आमचा कापूस कुठं दिसतो का? दिसतो. शिवीसारखा दिसतो.

वऱ्हाड १८५३ साली निजामानं इंग्रजांच्या हवाली केला. कारणं बरीच होती, पण इथल्या काळ्या मातीवर डोळा फार आधीपासून होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेतली बंदरं अडवली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. तिथं माग थांबले, चुली थांबल्या. आणि इकडं, कोणी कधी ऐकले नव्हते असे भाव आले. वऱ्हाडातून बैलगाड्यांच्या रांगा निघाल्या, मागोमाग जी.आय.पी. रेल्वे आली. अमरावतीचं नाव लिव्हरपूलच्या बाजारात इंग्रजांच्या जिभेला वळेल तसं ‘ऊमरावती’ झालं, त्याचं आखूड रूप ‘ऊमरा’; आणि त्या नावानं वऱ्हाडचा कापूस जगात ओळखला गेला. पण गिरणीतल्या मजुराला अमरावती काय आणि भडोच काय. हिंदुस्थानातून येणारा सगळाच कापूस त्याच्या लेखी ‘सुरत’. आखूड धाग्याचा, कचरा-मातीनं भरलेला, मागावर सारखा तुटणारा. तागा कमी निघायचा आणि मजुरी ताग्यावर. तिथल्या बोलीत ‘सुरत’ म्हणजे कुठलीही टाकाऊ वस्तू असा अर्थच रूढ झाला. एका प्रार्थनासभेत एका माणसानं देवाकडं कापूस मागितला, पण सुरतेचा तेवढा नको असं बजावलं, असं सांगतात.

त्या उपासमारीच्या वर्षांत स्टेलीब्रिजचा सॅम्युएल लेकॉक नावाचा विणकर बेकार झाला आणि लँकेशायरच्या बोलीत कविता लिहायला लागला. कविता एकेका कागदावर छापून विकल्या जायच्या, माणसं त्या गायची. त्यातली एक थेट सुरती कापसावर वैतागलेल्या विणकराचं गाणं आहे. इंग्रजी साहित्याचा जो इतिहास मी शिकवला त्यात लेकॉकला अर्धी ओळ मिळत नाही. टेनिसन आहे, ब्राउनिंग आहे. मी ती कविता पहिल्यांदा वाचली तेव्हा हसू आलं आणि पाठोपाठ मायचे हात डोळ्यांसमोर आले. ज्या कचऱ्यापायी त्यानं बोटं मोडली तो कचरा आमच्या वावरातला. त्याची मजुरी तुटली, आमची कधी बसलीच नव्हती. गाठीच्या दोन टोकांना दोन उपाशी माणसं होती आणि एकमेकांना शिव्या देत होती. मधल्या माणसाचं नाव दोघांनाही माहीत नव्हतं.

तिकडं अमेरिकेत वॉल्ट व्हिटमन त्याच यादवी युद्धात वॉशिंग्टनच्या इस्पितळांतून जखमी सैनिकांच्या उशाशी बसत होता, त्यांची पत्रं लिहून देत होता. सुएझचा कालवा १८६९च्या नोव्हेंबरात खुला झाला. पुढच्या मार्चात लॉर्ड मेयोनं खामगावच्या रेल्वे फाट्याचं उद्घाटन केलं, तेही कापसासाठीच. आणि कालवा, आगगाडी, समुद्राखालची तार यांनी सगळी पृथ्वी एका धाग्यात ओवली गेल्याचा आनंद व्हिटमननं ‘पॅसेज टु इंडिया’ या कवितेत गायला, ती १८७१ची. मी ती शिकवताना खामगावचं नाव घ्यायचो तेव्हा शेगाव-नांदुऱ्याकडची पोरं ताठ बसायची. व्हिटमनला खामगाव ठाऊक असण्याचं कारण नाही. पण त्याच्या धाग्याचं एक टोक जलंब जंक्शनवर गाडी बदलत होतं, हे मला त्यांना सांगायचं असायचं.

मग मायचं लुगडं. परदेशी सरकी शेणामातीत घोळणारी माणसं आधीच होऊन गेली होती, आणि ती आमच्याच गावात होती. मला ती सापडली इंग्रजीच्या नव्हे, मराठीच्या पुस्तकांत.

टेंभूचा एक गरीब मुलगा, कऱ्हाड-रत्नागिरी करत, शिक्षणापायी वणवण फिरत १८७२च्या सुमारास अकोल्याला नातेवाइकांच्या आश्रयाला आला. इथल्या हायस्कुलात शिकला, ‘वऱ्हाड समाचार’मध्ये लिहू लागला आणि १८७५ साली मॅट्रिक होऊन पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. तो गोपाळ गणेश आगरकर. इथं त्याला भेटलेले शिक्षक विष्णू मोरेश्वर महाजनी. महाजनी वऱ्हाडच्या शिक्षणखात्यातले मोठे अधिकारी, कवी, आणि शेक्सपिअरच्या नादाला लागलेले. ‘सिंबेलिन’ नाटकावरून त्यांनी ‘तारा’ लिहिलं, ‘विंटर्स टेल’वरून ‘मोहविलसित’. इंग्रजी कविताही त्यांनी मराठीत आणल्या. शिष्य पुढं १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात गेला. तिथले एकशे एक दिवस त्यानं लिहून ठेवले आहेत. त्याच तुरुंगात त्यानं हॅम्लेटला मराठीत आणलं. डेन्मार्कचा राजपुत्र चंद्रसेन झाला आणि नाटकाचं नाव झालं ‘विकारविलसित’.

‘मोहविलसित’ आणि ‘विकारविलसित’. ही दोन नावं शेजारी ठेवली की मला अकोल्याचा तो वर्ग दिसतो. मास्तरांनी शब्दाचं अर्धं बियाणं दिलं, पोरानं ते तुरुंगात पेरलं. हॅम्लेट वाचायला आगरकरांना तुरुंगच कशाला हवा होता, असं कोणी विचारील. मला वाटतं, हवा होता. चहूकडं हेर, कोणावर विश्वास टाकावा कळेना आणि करायचं ते हातून घडेना, अशी त्या राजपुत्राची कोंडी. ती कोंडी सरकारच्या बंदिवानानं कोठडीत बसून मराठीत उतरवणं म्हणजे तिला इथल्या मातीत घोळणंच होतं. एल्सिनोरचा किल्ला डोंगरीला आला.

गोष्ट इथं संपत नाही. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात, चिपळूणकर-टिळक-आगरकर शिकवत होते त्या शाळेत, एक मुलगा होता. त्यानं विद्यार्थिदशेतच आपल्या या गुरूच्या ‘विकारविलसित’वर लांबलचक टीकालेख लिहिला. तो हरि नारायण आपटे. स्कॉट आणि डिकन्स पचवून त्यानं मराठी कादंबरीला घर दिलं, चूल दिली, माजघरात कोंडलेली यमू दिली. १९१२ साली अकोल्याला मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष हरिभाऊ होते. आगरकर तोवर जाऊन सतरा वर्षं झाली होती. ज्या गावात गुरूला त्याचा गुरू भेटला त्या गावात शिष्य अध्यक्ष होऊन आला. हे तीन माणसांचं वर्तुळ मोर्णेच्या काठावर पुरं झालं आणि आम्ही त्याच काठावर बसून, परीक्षेला, शेक्सपिअरच्या शोकांतिकेची पाच वैशिष्ट्यं लिहीत होतो.

पुढंही हेच होत आलं. मर्ढेकरांनी एलियट वाचला आणि ती ओसाडी मुंबईच्या चाळीत, पाइपात, लोकलमध्ये शोधली. शिरवाडकरांनी १९७० साली लिअरला नट केलं. अप्पासाहेब बेलवलकर बघून डोळे पुसत बाहेर पडणाऱ्या किती जणांना लिअर ठाऊक असतो? आणि ठाऊक नसल्यानं त्यांचं काय अडतं?

पण सगळ्यात खोल रुजलेली सरकी निराळीच. ती इंग्लंडातून आली नाही, कापसाच्या दुसऱ्या शेतातून आली.

सॉलोमन नॉर्थप हा न्यू यॉर्कचा स्वतंत्र काळा माणूस. त्याला पळवून नेऊन लुइझियानात गुलाम म्हणून विकलं, बारा वर्षांनी तो सुटला, आणि १८५३ साली त्याची कहाणी पुस्तकरूपानं आली. त्यात कापूस वेचणीची काही पानं आहेत. पिशवी गळ्यात, तिचं तोंड छातीशी, बूड जवळजवळ जमिनीपर्यंत. दिवसाला दोनशे पौंड वेचायचे. संध्याकाळी टोपली घेऊन जिनघरात तोलाईला जायचं. कमी भरलं तर फटके. जास्त भरलं तर उद्यापासून तोच आकडा. त्यामुळे टोपली घेऊन जाणारा प्रत्येक जण भीतच जायचा.

दोनशे पौंड म्हणजे नव्वद किलो. माय चांगल्या वेचाला चाळीसेक किलो वेचायची. तिला फटके नव्हते, संध्याकाळी रोजी होती, सीतादहीच्या दिवशी वावरात दहीभात होता. दोन्ही गोष्टी एक नाहीत आणि त्या एक करून दाखवायचा मला हक्क नाही. पण तोलकाट्यासमोर उभी असलेली माय मी पाहिलेली आहे. काटा स्थिर होईपर्यंत ती श्वास घेत नसे.

हे साम्य ज्यानं सगळ्यांआधी ओळखलं तो पुण्याचा माळी. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या माणसांना, ज्यांनी काळ्या लोकांना दास्यातून सोडवण्यासाठी स्वतःचं नुकसान सोसलं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून आठ वर्षं झाली होती. त्या युद्धानं मुंबईच्या शेअर बाजाराला भाव दिला, वऱ्हाडच्या अडत्यांना वाडे दिले. फुल्यांनी त्यातून फक्त ही अर्पणपत्रिका उचलली. बाबासाहेब १९१३ साली न्यू यॉर्कला शिकायला गेले. त्यांचं कोलंबिया विद्यापीठ हार्लेमला लागून आहे. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे थोर लेखक-विचारवंत डब्ल्यू.ई.बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, तुमच्या लोकांचा आणि आमच्या लोकांचा प्रश्न किती सारखा आहे म्हणून. जनार्दन वाघमाऱ्यांनी अमेरिकन निग्रो साहित्यावर मराठीत लिहिलं. मग १९७२, मुंबई, दलित पँथर; नाव ब्लॅक पँथरवरून घेतलेलं आणि भाषा इथल्या गटारावरची, फलाटावरची, महारवाड्यातली. नामदेव ढसाळांच्या कवितेला अमेरिकन म्हणायची कोणाची छाती आहे? सरकी त्यांनी अशी घोळली की तिचा मूळ रंग कोणाला दिसू नये.

वर्गात हे सगळं सांगायला लागलो तेव्हा नोट्स मागं पडल्या. माझ्या वर्गाचा निकाल काही फार लागला नाही, हेही सांगून टाकतो. पण एक दिवस ‘हकलबरी फिन’ चालू होती. मार्क ट्वेननं ती शिकलेल्या माणसाच्या इंग्रजीत लिहिलीच नाही. मिसिसिपीकाठचं दारुड्याचं पोर जसं बोलेल तसं लिहिलं, आणि कुठली कुठली बोली वापरली आहे हे पुस्तकाच्या तोंडाशी सांगून ठेवलं. मी इंग्रजीतून वाचत होतो, पोरं जांभया देत होती. मला तो कंदील आणि ती खाट आठवली. मी पुस्तक पालथं घातलं आणि हकचा एक सगळा प्रसंग वऱ्हाडीत सांगायला लागलो. काहून, कायले, जाऊन रायलो, मले का मालूम. पळालेल्या गुलाम जिमचा पत्ता कळवावा की कळवू नये, चिठ्ठी लिहून बसलेला हक, आणि मग ती चिठ्ठी फाडून टाकणारा हक. बार्शीटाकळीचा एक पोरगा, वर्षभर ज्याचा आवाज मी ऐकला नव्हता, म्हणाला, "सर, हा तं आपल्यावानीच बोलते. असं बोललं तं चालते का साहित्यात?"

मी त्याला उद्धव शेळक्यांची ‘धग’ दिली. १९६० सालची, वऱ्हाडी माणसांची, वऱ्हाडीत बोलणारी. कौतिक, तिचा आळशी नवरा, तिची चूल, तिचं हरत जाणं. चार दिवसांनी त्यानं पुस्तक परत आणलं. काय वाटलं म्हणून विचारलं तर म्हणाला, "माह्या आजीचंच हाये." नंतर म्हणाला, "थे इंग्रजीवालं पुन्हा सांगा ना सर." इंग्रजी साहित्याच्या अध्यापकाला याहून मोठा पगार कोणी देत नाही.

आता निवृत्त होऊन काही वर्षं झाली. बाबांचं जिन केव्हाच पाडलं. त्या जागेवर मंगल कार्यालय आहे आणि लग्नसराईत तिथं तांदळाच्या अक्षता उडतात. शेतात सोयाबीन शिरलं. कापूस आहे, पण सरकी घोळत कोणी बसत नाही. बियाणं पाकिटातून येतं, लव काढलेलं, औषध लावलेलं, लाल-निळ्या रंगाचं, एकेक दाणा सुटा. २००२पासून बीटीचं आलं, तेही मुळात अमेरिकेतूनच. चाड्यातून छान उतरतं. पण घरी मडक्यात जपून पुढच्या वर्षी पेरायचं म्हटलं तर तसं पीक देत नाही. दर मृगाला नवं पाकीट. माझ्या जुन्या नोट्सही अशाच होत्या. रंगवलेल्या, सुट्या, दर वर्षी नव्यानं विकत घ्यायच्या.

मागच्या दिवाळीत नातीनं कपाट आवरताना ती रद्दीतली ‘नॉर्थ अँड साउथ’ बाहेर काढली. ती पुण्याला इंग्रजी घेऊन बी.ए. करते. पानं पिवळी पडलेली, शिवण सुटलेली. चाळता चाळता थांबली. "आबा, हे काय लिहिलंय? चाक बसोलं का?"

मी तिला तिच्या पणजोबांचं सांगितलं. जिन, भुवया, गूळ, खाट. तिनं ते पान पुन्हा वाचलं, इंग्रजीतलं. बराच वेळ बोलली नाही. मग तिनं माझ्या खिशातली पेन्सिल काढून घेतली आणि बाबांच्या प्रश्नाखाली तारीख घातली. उत्तरासाठी जागा सोडली होती.